पाय न मागणारी गाडी

लाखोरीला फूल आलं की आमच्याकडे हिवाळा खरा मानायचा. धान कापून घरात आलेलं असतं, तणसाचे ढीग अंगणात रचलेले असतात, आणि बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, धसकटांच्या मधून ही निळी-जांभळी फुलं डोकावायला लागतात. याच दिवसांत गावाबाहेर शंकरपटाची तयारी सुरू होते. आज सकाळी मी दारात बसून लाखोरीचीच भाजी खुडत होते, तर तिकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. जमीन सपाट करणं चाललं होतं. मग टँकरनं पाणी मारलं असणार, कारण थोड्या वेळानं ओल्या धुळीचा तो वास घरापर्यंत आला. माझे हात थांबले. आतल्या खोलीत शालिक होता. त्यालाही वास आला असेलच. खाटेची करकर ऐकू आली आणि बंद झाली.

शालिक माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, मीच त्याला वाढवला. माझं लग्न इथे कोंढ्याच्या बाजूला झालं तर पाठोपाठ तोही पोरवयातच आला आणि इथलाच झाला. लोक त्याला माझ्या सासरच्या नावानं ओळखत नाहीत, मला त्याच्या नावानं ओळखतात. शालिकची बाई, म्हणजे शालिकची मोठी बहीण. कारण काय, तर पंचक्रोशीत बैलजोडी पळवावी ती शालिकनं.

पट ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. दोन दांड, म्हणजे पळायच्या वाटा, शेजारी शेजारी आखलेले असतात, लांबच लांब. दोन जोड्या एकाच वेळी सुटतात. मागे हलकीशी छकडी, तिच्यावर एक माणूस, हातात कासरा. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं संपतं. लोकांना वाटतं पळवणं अवघड. शालिक म्हणायचा, पळवते तो कोणीही, थांबवणारा पाहिजे. म्हणून पटाच्या शेवटाला माणसं उभी राहतात, हात फाकवून, दुपट्टे हलवत. बैलाला समोर माणसांची भिंत दिसली की तो बिचकतो, मान वळवतो, इकडून हाकणारा कासरा छातीपर्यंत ओढतो, आणि जोडी थांबते. शालिकच्या जोडीसमोर नेहमी धनराज उभा राहायचा. दुसऱ्या कोणाला तो उभं राहूच द्यायचा नाही. लहानपणापासूनचे दोस्त. धनराजचं रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान होतं, आणि दुकान टाकून तो पटाला यायचा.

मधली काही वर्षं पट बंद होते. ते पुन्हा सुरू झाले त्या पहिल्याच हिवाळ्यात छकडी उलटली आणि शालिकचं डावं पाऊल चाकात गेलं. नागपूरला घोट्यापासून काढावं लागलं. जोडी विकली. पुढे रबरी पाऊल मिळालं, चालायला लागला. पण त्या पावलाला जमीन कळत नाही, असं तो म्हणायचा. खाली गवत आहे की गोटा, ते वरच्या मांडीला विचारावं लागते. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायात. चौकात सगळ्यांदेखत गिअर टाकायला गेला आणि गाडीसकट आडवा झाला. कोणी हसलं नाही, तेच त्याला लागलं. त्यानंतर तो सपरीत बसायला लागला. सपरी म्हणजे आमच्या घरापुढची पडवी. जो माणूस वाऱ्यावर उभा राहून जगला तो खांबाला टेकून रस्ता पाहत बसायचा. असा बसून बसून माणूस संपतो, मी माझ्या सासऱ्यांना संपताना पाहिलं होतं. मला भीती त्याचीच होती.

क्वाड हा शब्द आमच्या घरात आणला गजूनं. गजू तलावात मासे धरतो, बोलायला तिखट, मोबाईलचा मोठा शौकीन. एके दिवशी सकाळी मासे द्यायला आला आणि शालिकच्या नाकासमोर मोबाईल धरला. पडद्यावर चार जाड चाकांची एक बसकी गाडी चिखल उडवत चालली होती. वर माणूस घोड्यावर बसावा तसा बसलेला.

"हे पडत नाही," गजू म्हणाला. "पाह्यजो, किती वळवला तरी पडत नाही."

शालिकनं मोबाईल हातात घेतला. कितीतरी दिवसांनी त्यानं कोणाच्या हातातून काही मागून घेतलं होतं.

तो हिवाळा मग क्वाडचाच झाला. संध्याकाळ व्हायच्या आत तिघं सपरीत जमायचे. धनराज दुकान लवकर बंद करायचा, गजू जाळं सुकत टाकून यायचा. मी चुलीवर चहा ठेवला की माझ्या कानावर सगळं पडायचं. आधी आधी काही कळेना. मग लक्षात आलं की हे तर बैलच पाहून राहिले. बाजारात जोडी घेताना जसं बोलतात, अगदी तसं. याचं कपाळ रुंद आहे. याचे पुढचे पाय फाकलेले आहेत, वळणावर दबणार नाही. याचा मागचा पुठ्ठा हलका, उडीत वर येईल. बाहेरदेशातली कुठली कुठली कंपनी पुढच्या सालात नवी गाडी काढणार म्हणे, तिचा फोटो अजून कोणी पाहिलेला नव्हता, कोणीतरी अंदाजानं काढलेलं चित्र होतं, आणि त्या चित्रावर हे तिघं तावातावानं भांडायचे. दिवे बारीक असावेत की गोल. शॉकअप बाहेरून दिसावे की झाकलेले. मी एकदा विचारलं, आपल्याकडे येते का ही? तर गजू शांतपणे म्हणाला, नाही बाई, इकडे नाही येत. न झालेल्या पोरीसाठी स्थळं पाहणं चालू होतं. पण शालिक बोलत होता ना. मला बाकी काही नको होतं.

इंजिनावरून तर रोज. धनराजला दोन सिलिंडर पाहिजे. त्याचं म्हणणं, एक सिलिंडर म्हणजे एकटा बैल, झटका मारते. दोन म्हणजे जोडी, सुरात पळते. त्यावर शालिक म्हणाला की जोडीत एक हमेशा कामचोर राहते, हे तुले माहीत नाही काय. गजूला यातलं काहीच नको. त्याला चारही चाकं ओढणारी, मागे टोपली ठेवायला जागा असलेली, तलावाच्या गाळात चालणारी पाहिजे. धनराज त्याला म्हणायचा, "तू म्हशीवर बस गा. चार पायाची आहे, चिखलात फसत नाही, अन् दूधही देते."

पण खरी कुस्ती गिअरची होती. पळायची क्वाड म्हणजे गिअरवाली, आणि गिअर डाव्या पायात. तसं सगळ्याच जगात आहे, धनराज सांगायचा. बिनगिअरची निघते, पण ती ओझं वाहायची. बिनगिअरची पळायची गाडी म्हणजे बिनमिठाचं वरण. शालिक दर वेळी नवीन बातमी शोधून काढायचा, अमुक कंपनी आणून राहिली बिनगिअरची, खूप जोराची. धनराज ती बातमी खोडून काढायचा. शालिक पुन्हा आणायचा. तो गाडीचं बोलत होता, पण मला आतून ऐकू यायचं ते वेगळंच. माझ्यासारख्यासाठी कोणी काही बनवते की नाही, एवढंच तो विचारत होता, आणि धनराजला ते कळत नसेल असं मला वाटायचं.

कळत होतं. संक्रांतीच्या आसपास तो सायकलवर पोतं बांधून आला. पोत्यात जुन्या बिनगिअरच्या स्कूटरचं इंजिन होतं. सपरीत ठेवलं, हात पुसले, आणि कोणाकडे न पाहता म्हणाला, "जोर कमी आहे, पण पाय मागत नाही."

त्या माणसानं पूर्ण हंगाम बिनगिअरच्या विरोधात घालवला होता. शालिकनं खाली वाकून इंजिनावर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतो तसा, आणि बराच वेळ काढला नाही. मी आत निघून आले. डोळ्यांत धूर गेला असं म्हणू या.

मग दुकानामागे गाडी उभी राहायला लागली. पाइप वाकवून सांगाडा केला. शॉकअप भंगारातल्या मोटरसायकलींचे. चाकं कुठून आणली ते धनराजलाच ठाऊक. गादीचं रेक्झिन मी शिवलं, माझ्या मशीनवर, दोनदा सुई मोडली. ब्रेक दोन्ही हातात, स्कूटरला असतात तसे. आणि रेस द्यायला अंगठ्याचा खटका, कारण खऱ्या क्वाडला मनगट पिळून रेस देत नाहीत, उजव्या मुठीखाली एक छोटी दांडी असते, ती अंगठ्यानं पुढे दाबायची. यावरही दोन दिवस वाद झाला. खडबडीत जागी मनगट आपोआप पिळल्या जाते, अंगठाच बरा, असं धनराज म्हणाला आणि नागपूरहून तो खटका मागवला. दुकानातली मंदा, धनराजची बायको, मला म्हणाली होती, बाई, माझ्या मिक्सरचं भांडं महिनाभरापासून असंच पडून आहे, अन् तुमच्या भावाच्या गाडीले रंग चालू आहे. हसून म्हणाली होती. ते हसणं मला आजही आठवतं, नको तेव्हा आठवतं.

आधी दोन-चार दिवस आमच्याच कापलेल्या बांधीत गोल गोल फिरवली. धसकटांवरून हळूहळू. शालिक वर बसलेला, रबरी पाऊल पाटीवर नुसतं ठेवलेलं, त्याला काही काम नाही. एका फेरीत माझ्यासमोरून जाताना तो हसला. दात दिसले. लहानपणी आमच्या गावी म्हशीवर बसून तलावात शिरायचा तेव्हा असा हसायचा. मी हात जोडले. कोणाला जोडले, ते माहीत नाही.

पटाच्या आदल्या दिवशी दांड तयार झाला. असाच वास होता, आजच्यासारखा. सकाळचं कोवळं ऊन, धुऱ्यावरच्या गवतावर दव, चार-दोन पोरं-माणसं रेंगाळलेली. एकदा पटावर सोडून पाहू, असं तिघांचं ठरलं. पट शालिकसाठी काय आहे ते मी कशाला सांगू. गाडी सुरू होण्याच्या टोकाला नेली. गजू तिथे थांबला. मी बांधावर उभी होते. आणि धनराज दुपट्टा सावरत दुसऱ्या टोकाला पळत गेला. त्याला कोणी जा म्हणालं नव्हतं. शालिक पटावर आहे म्हणजे आपण त्या टोकाला असायचं, हे त्याच्या पायांनाच माहीत होतं.

गाडी सुटली. बांधीत ती फिरत होती तेवढीच तिची चाल असेल असं मला वाटत होतं, पण सपाट ओल्या मातीवर ती अशी निघाली की मी बांधावर दोन पावलं मागे सरले. शालिक पुढे झुकला होता, छकडीवर झुकायचा तसाच. तिकडे धनराजनं हात फाकवले. दुपट्टा हलवला. आता हळू होईल, असं वाटलं त्या जागी गाडीचा आवाज वाढला. शालिक मागे झुकला होता, पूर्ण मागे, दोन्ही मुठी छातीकडे, आणि तोंडानं हो हो हो करत होता. आवाज आणखी वाढला. धनराज हटला नाही. हात तसेच. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर आलेली प्रत्येक जोडी वळली होती. यंत्राला माणूस दिसत नाही, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं की नाही, कोण सांगणार.

पुढचं मी लिहीत नाही. भंडाऱ्याला नेईपर्यंत तो गेला. शालिकला खरचटलंसुद्धा नव्हतं. गादीला डाग पडला नव्हता.

गावात जो तो आपापलं कारण सांगत होता. कोणी म्हणालं भंगारातली गाडी, ब्रेक लागला नसेल. कोणी म्हणालं पायानं दगा दिला, त्या पायानं गाडी चालवायचीच कायले. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. ब्रेक चांगले होते. पायाला तर त्या गाडीनं काही मागितलंच नव्हतं. मला शालिकनंच सांगितलं, तेरवी झाल्यावर, परसात पाणी तापत होतं तेव्हा. एकच वाक्य.

"मी कासरा ओढला, बाई."

त्यानं मूठ आवळून दाखवली. मी पाहत राहिले. माणूस मूठ आवळून मागे ओढतो तेव्हा अंगठा सुटा राहत नाही, तोही आवळला जातो. आणि अंगठ्याखाली रेसचा खटका होता. जितकं ओढलं तितकी गाडी पळाली. एवढंच होतं. आम्ही सगळा हिवाळा त्याच्या गेलेल्या पायाचा विचार केला. कोणतं इंजिन पाय मागेल, कोणतं मागणार नाही. त्याचे हात सगळ्यांत चांगले होते, पंचक्रोशीत तसे हात नव्हते, म्हणून त्या हातांचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

त्यानंतर तो त्याबद्दल बोलला नाही. सपरीतसुद्धा बसत नाही, आतल्या खोलीत असतो. रबरी पाऊल भिंतीला उभं करून ठेवलेलं. थंडी नसली तरी हात चादरीत. जेवायला बसला की घास घेण्याआधी एकदा हाताकडे पाहतो, मग घास घेतो. धनराजचं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही, घेता येत नाही या घरात. उन्हाळी धान निघालं, पावसाळ्यात रोवणी झाली, दिवाळीनंतर गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरली, नाटकवाल्यांच्या गाड्या रस्त्यानं गेल्या. मी त्याला सांगायची, चाल, पाहून येऊ. तो नको म्हणायचा, आणि भांडत नव्हता. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मंदानं दुकान भाड्यानं दिलं. ती माझ्याशी बोलते, तोंड फिरवत नाही, तेवढी ती मोठी आहे. बाजारात भेटली तेव्हा मला राहवलं नाही, मी म्हणून बसले की शालिक जेवत नाही धड. तिनं वांगी पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड बांधलं.

"तुमचा घरात तरी आहे, बाई," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. मी तिच्यासोबत स्टँडपर्यंत चालले, ती ऑटोत बसली, आणि मी तिथेच कितीतरी वेळ उभी राहिले. लोक समजले असतील मला गाडीची वाट आहे.

लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही एवढ्या बोलक्या, त्याला बोलतं करा. बोलणं म्हणजे काय विहिरीतलं पाणी आहे, बादली सोडली की वर येईल? मी रोज बोलते. धानाचं, भाजीचं, गावात कोणाची सून आली त्याचं. तो ऐकतो. मी बोलते ते त्याच्यासाठी कमी आणि घर मुकं होऊ नये म्हणून जास्त. त्या हिवाळ्यात ते तिघं जे बोलत होते त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं, पण ते बोलणं घरभर उबेसारखं असायचं. आणि त्याच बोलण्यातून ती गाडी निघाली. त्या संध्याकाळींना मी शिव्या देऊ की काय करू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. धनराज गेला हे खरं. त्याच संध्याकाळींमध्ये माझा भाऊ हसला होता, हेही खरं. दोन्ही एकाच जागी आहेत, एकाला उचलायला गेलं की दुसरं सोबत येतं.

आज ट्रॅक्टर थांबल्यावर दुपारकडून गजू आला. वर्षभर तो मासे दारातून देऊन जायचा, सायकलवरून उतरायचाही नाही. आज उतरला. सपरीत बसला, आपल्या नेहमीच्या जागी, दोन जागा सोडून. मी पाणी दिलं. तो मला हळूच विचारू लागला, आत आहे काय. मी मान हलवली. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. आणि माझ्याकडे पाहत, पण आवाज मुद्दाम मोठा करून, बोलायला लागला की बाई, ती बाहेरदेशातली गाडी निघाली. आपण चित्र पाहत होतो ना, ती. दिवे बारीकच आहेत. इंजिन एकाच सिलिंडरचं दिलं, पण मोठं. आणि बिनगिअरचीही काढली आहे एक. सांगता सांगता तो मध्येच आतल्या दाराकडे पाहायचा. मला त्याची दया आली. मला यातलं काय कळतं, तरी मी हूं हूं करत राहिले, जसं भरलेल्या सपरीत कोणीतरी हूं करायला लागतं. शॉकअपचं सांगून झालं. चाकांचं सांगून झालं. गजूकडचे शब्द संपत आले.

आतून आवाज आला. इतका हळू की आधी मला वाटलं खाट वाजली.

"हात सोडले तं थांबते का ते?"

गजूनं मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. बैलाचा कासरा सोडला तर जोडी रान गाठते, हे मला ठाऊक. यंत्राचं मला ठाऊक नव्हतं.

"थांबते," गजू म्हणाला. "अंगठा उचलला की हळू होऊन थांबते. सगळ्याच थांबतात."

आत खाट करकरली. मग शालिक म्हणाला, "धनराजनं सांगतलं होतं मले, अंगठा उचलजो म्हणून."